न कापलेली काच

दुसरी काचही तडकली. चष्मेवाल्याने तुकडे वर्तमानपत्रात गोळा केले आणि स्वतःवरच चिडला. आयुष्यभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासल्या, आणि कंदिलाची एक काच चार बोटं आखूड करता येईना!

"आता एकच उरली," बायको म्हणाली. "तीही फोडा, म्हणजे सुटलो."

काच हवी होती त्याच्या हौशी रेडिओच्या, म्हणजे लांबलांबच्या माणसांशी बोलायच्या यंत्राच्या अँप्लिफायरला. बोलायला लागलं की त्यातला मोठा व्हॉल्व्ह, दिव्यासारखी काचेची नळी, लालबुंद व्हायचा आणि सगळं बंद करावं लागायचं. व्हॉल्व्हभोवती काचेचं धुराडं बसवलं, तर खालच्या पंख्याचा वारा इकडेतिकडे न पांगता सरळ वर गेला असता. तसलं धुराडं बाजारात मिळत नव्हतं, म्हणून कंदिलाची काच कापायची. आणि त्याशिवाय दादाशी मनासारखं बोलता येणार नव्हतं.

दादा म्हणजे थोरला भाऊ. समुद्रापलीकडे एकटा राहायचा. दोघांत कित्येक वर्षं अबोला होता. मग एका संध्याकाळी रेडिओवर अचानक हाक आली, "धाकट्या, आहेस का रे?" चष्मेवाला ढसाढसा रडला होता. तेव्हापासून दादा रोज स्वच्छ ऐकू यायचा, पण याचं बोलणं त्याच्यापर्यंत धड पोचत नसे. फोन तर दादा उचलतच नव्हता.

"खोकला मात्र गेला हो दादांचा," बायको म्हणाली. "पूर्वी दोन वाक्यं सलग बोलता यायची नाहीत."

"विचारलं मी. म्हणाला, आता कसलाच त्रास नाही."

दिवेलागणीला दादाचा आवाज आला. चष्मेवाल्याने ओरडून सांगितलं, "काच पुन्हा फुटली!"

"मग कापू नकोस. तशीच बसव."

"उंच होते रे. अँप्लिफायरच्या डब्याचं झाकण लागत नाही. आणि झाकण उघडं राहिलं की त्याखालचा स्विच वीज तोडतो."

"स्विच दोरीने बांधून टाक. मीही तेच केलं."

बायकोने त्याचा हात धरला. त्या डब्यातली वीज माणसाला जागच्या जागी संपवते, हे तिला ठाऊक होतं.

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" तो म्हणाला. "एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे वीज छातीतून आरपार जात नाही. लहानपणी दादानेच थोबाडीत देऊन शिकवलंय."

वीज बंद करून त्याने अख्खी काच बसवली, तारेने जखडली, स्विच आवळून बांधला आणि बटण दाबलं. पंखा घोंगावू लागला. व्हॉल्व्ह नुसता तांबूस राहिला. बायकोनेही मान डोलावली आणि ती चहा टाकायला आत गेली.

"दादा, येतंय ऐकू?"

"अगदी शेजारी बसल्यासारखं."

चष्मेवाल्याने खुर्ची पुढे ओढली. "एकदा भेटायचंय रे तुला."

"भेटू की. आजच भेटू." लगोलग तो म्हणाला, "काच कललीय बघ. व्हॉल्व्हला टेकली तर तडकेल. तारेला धरून सरळ कर."

खरंच कलली होती. शेवटची काच! पण बंद केलं आणि दादा पुन्हा निसटला तर? त्याने बटणाला हात लावला नाही. सवयीप्रमाणे डावा हात खिशात घातला आणि उजवा पुढे केला.

"खिशातला काढ," दादा म्हणाला. "दोन्ही हातांनी धर. मीही तसंच धरलं होतं."