तीन ओळी

“निवड झालेले शून्य,” सरिता म्हणाली आणि तिने लॅपटॉप गौरांगकडे वळवला.

गौरांग भरतीचा प्रमुख. नागपुरात सदर भागातल्या ह्या ऑफिसात सहा वर्षं मुलाखती त्यानेच घेतल्या. कोणाला घेतलं, कोणाला नाही, ते सगळे जुने अर्ज खाऊ घालून कंपनीने आता एक मशीन तयार केलं होतं. यापुढे अर्ज तेच निवडणार. फक्त सुरू करण्याआधी पुण्याच्या मुख्य ऑफिसला एक अहवाल हवा होता: जुन्या निवडींमधला पूर्वग्रह मशीनमध्ये शिरलाय का? तपासायचं काम सरिताचं. ‘आढळला’ असं लिहिलं गेलं तर मशीन थांबणार आणि यंदाचे अर्ज पुन्हा माणसं वाचणार. त्यात संघपालचा होता, तिच्या धाकट्या भावाचा. चाचणीत मशीनने तो सकाळीच बाद केला होता, आणि त्याची वयोमर्यादा याच महिन्यात संपत होती.

शून्य होतं ते छप्पन साली नागपुरात बौद्ध झालेल्या घरांतल्या उमेदवारांचं. सहा वर्षांत अर्ज तीनशे अकरा, निवड एकही नाही. अर्जावर जात लिहिलेली नसते, म्हणून कोण कुठला हे नावांवरून लावायचं काम ऑफिसातल्याच धनश्रीला दिलं होतं. “जात आता कोण मानते वं,” असं म्हणत म्हणत तिने चार हजार नावं चहा यायच्या आत लावून टाकली. फारशी कुठे अडलीही नाही. शेजारच्या खुर्चीतल्या सरिता राऊतला तर तिने न विचारताच आपल्यांत घेतलं. राऊत काय, सगळीकडेच असतात.

गौरांगच्या मते हा योगायोग होता.

“नाव झाकलं, आडनाव झाकलं,” तो म्हणाला. “आता मशीनले कोण सांगते मॅडम, कोण कुठला तं?”

सरिताने एक अर्ज उघडला. नाव झाकलेलं. एमसीए, विद्यापीठात तिसरा. मशीनने शंभरातले एकतीस गुण दिलेले. तिने त्यातल्या तीन ओळी काढल्या. बारावीला भाषा पाली. चौदा एप्रिलला सलग अठरा तास वाचन. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पाणी वाटायला स्वयंसेवक. पदवीला, मार्कांना हात लावला नाही. अर्ज पुन्हा मशीनला दिला. अठ्ठ्याहत्तर.

गौरांगने चष्मा लावून आकडा पाहिला. मग चष्मा काढून पाहिला. पुण्याच्या इंजिनियरांना दोन महिन्यांत जे सापडलं नाही ते तुम्हाला नेमकं कसं सापडलं, असं त्याने विचारलं. नुसत्या कौतुकानेच विचारलं.

अंदाज होता, असं म्हणून तिला सुटता आलं असतं. पण गेल्या आठवड्यात ह्याच तीन ओळी काढ म्हणून ती संघपालच्या मागे लागली होती आणि तो म्हणाला होता, “मी काहून काढू? अठरा तास वाचलं मी, चोरी नाही केली. तुले जमलं, मले नाही जमत.” तेव्हापासून ते वाक्य तिला सलत होतं.

“माझ्या अर्जातून मी ह्याच ओळी काढल्या होत्या,” ती म्हणाली. “म्हणून तुम्ही मला घेतलं.”

त्याला लाज वाटेल असं तिला वाटलं. शिकलेल्या माणसांबद्दल तिचा अजून असा गैरसमज होता.

गौरांगचा चेहरा खुलला. त्याने लॅपटॉप पुढ्यात ओढला, शून्य खोडलं आणि एक लिहिलं. खाली तिने लिहिलेलं ‘पूर्वग्रह आढळला’ पुसून ‘सर्व समाजांतून निवड होते’ असं केलं.

“घेतो ना आपण,” तो म्हणाला. “तुमच्यापेक्षा मोठा पुरावा कोणता पाहिजे?”

त्या ओळी असत्या तर मला घेतलं नसतं, हेही लिहा, असं ती म्हणाली. त्यावर तो अगदी समजुतीने बोलला. आकड्यांच्या रकान्यात तसं लिहायला जागा नसते. आणि अर्जात माहिती लपवणं नियमाने गंभीर असलं, तरी तो ते कुठेही लिहिणार नव्हता. मग हा अर्ज कोणाचा, असं त्याने सहज विचारलं. भावाचा, ती म्हणाली.

“पोरगा हुशार दिसते,” गौरांग म्हणाला. “त्याले समजावून सांगाले पाहिजे होतं तुम्ही.”

अहवाल छापून आला. खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा होती आणि गौरांगने पेन उघडूनच पुढे केलं. आकडा खोटा नव्हता, वाईट तेच होतं. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. ऑफिसात चार वर्षं ती ‘सरिता डी. राऊत’ अशी सही करत आली होती. आज तिने वडिलांचं नाव पूर्ण लिहिलं, एकेक अक्षर दाबून. सरिता धम्मानंद राऊत. तिच्या हातात तेवढंच उरलं होतं.

गौरांगने कागद आपल्याकडे फिरवून सही वाचली.

“हे बेस केलं मॅडम,” तो म्हणाला. “नुसता डी राहिला असता तं तो एकाचा आकडा पुण्याले पटला नसता.”