आरशासमोरचं इंग्रजी

गालांना साबण फासलेला असताना मास्तरांना पुन्हा एकदा 'थ' म्हणून दाखवावा लागला. जीभ दातांत धरताना फेस तोंडात गेला.

"अजून एकदा," सलूनवाले आबा म्हणाले. वस्तरा हवेतच होता आणि नजर आरशातल्या मास्तरांच्या तोंडावर.

"आधी दाढी उरका, आबा. तुम्हाला 'थ' यायचा आणि माझं नाक जायचं."

मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. आवाज असा, की मागच्या बाकावर डुलक्या घेणारा दचकून उठावा. त्या आवाजाचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. दोन महिन्यांपूर्वी आबांनी शिकवणी मागितली, तेव्हा निवृत्त मास्तरांना कोण आनंद झाला!

कारण साधंच होतं. आबांचा मुलगा परदेशी, सून तिकडचीच, नात सात वर्षांची. मागच्या खेपेला ती आली तेव्हा आबांनी जीव तोडून गप्पा मारल्या, पण पोरीला एक अक्षर कळलं नाही. दर वेळी ती बापाच्या तोंडाकडे बघायची. बाप तेच इंग्रजीत सांगायचा आणि मग ती हसायची.

"बोलायचं मी आणि हसू त्याच्या वाट्याला," आबा म्हणाले होते. "या खेपेला मधे कोणी नको. एक वाक्य तरी तिला थेट माझ्या तोंडून कळलं पाहिजे. रविवारी येतेय."

शिष्य मात्र तऱ्हेवाईक निघाला. मास्तरांनी मोबाइलवर उत्तम उच्चारांची रेकॉर्डिंग घालून दिली. आबांनी त्यांना हात लावला नाही. "ऐकून काय करू? तुम्ही करून दाखवा." 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठावर, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू, हे मात्र गिऱ्हाईक नसलं की आरशासमोर तासन्‌तास चालायचं. तेही शेजारच्या खुर्चीला ऐकू जाऊ नये इतक्या बारीक आवाजात.

"मोठ्यानं म्हणा की! लाजता कसले?"

"आवाजाचं राहू द्या, मास्तर. तोंड बरोबर होतंय का, तेवढं सांगा."

एका सकाळी तर आबांनी मिशीच उडवली. पस्तीस वर्षांची, पिळदार, सलूनची अर्धी जाहिरात. चहा घेऊन आलेली त्यांची बायको उंबऱ्यातच थबकली.

"साठी बुद्धी नाठी," ती मास्तरांना म्हणाली. "म्हणे इंग्रजीच्या आड येते!"

मास्तर पोट धरून हसले.

शनिवारी आबांचा चेहरा पडलेला होता. "मास्तर, 'पॅट' म्हणा. आता 'मॅट' म्हणा. दोन्हींना तोंड सारखंच दिसतं की हो!"

"दिसायचं काय त्यात? म्हटलं की फरक कळतोच."

मास्तरांनी लिहून दिलेल्या चार वाक्यांपैकी तीन आबांनी खोडली. उरलेलं एक संध्याकाळपर्यंत घोटत बसले: "आय लर्न्ड धिस फॉर यू." मास्तरांना वाईट वाटलं. इतक्या मेहनतीनंतर एकच वाक्य, आणि तेही पुटपुटल्यासारखं. पोरीला काय डोंबल कळणार?

रविवारी ते मुद्दाम लवकर येऊन बसले. परीक्षा जणू त्यांचीच होती. बापाचं बोट धरून पोरगी आत आली. आबांनी तिला खिडकीपाशी नेलं, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, तोंड उजेडाकडे केलं आणि वाक्य म्हणाले. चार हातांवर बसलेल्या मास्तरांपर्यंतही ते पोचलं नाही.

पोरगी क्षणभर बघत राहिली. बाप मागेच उभा होता, पण ती वळली नाही.

"फॉर मी?" ती म्हणाली आणि आबांच्या गळ्यात पडली.

मास्तरांचे डोळे भरून आले. शिष्यानं नाव काढलं होतं. ते तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि ठेवणीतल्या खणखणीत इंग्रजीत त्यांनी विचारलं, "काय ग बाळ, कसे वाटले आजोबांचे उच्चार?"

पोरगी हलली नाही. मास्तरांनी आणखी मोठ्यानं विचारलं. सलूनमधली दोन्ही गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, ती नाही.

आबांनी नातीच्या पाठीवरचा हात न काढता वर पाहिलं.

"पुढून येऊन विचारा, मास्तर. ओठ बघून समजतं तिला. ऐकू जन्मापासून येत नाही."