स्वतः राहण्यासाठी

"घरात राहणार कोण?" बँकेच्या कर्जविभागातल्या बाईंनी हा प्रश्न सुताराला न विचारता त्याच्या बायकोला विचारला, आणि सुतार खुर्चीच्या कडेला सरकला.

बायकोला जन्मात धड थाप मारता आलेली नव्हती. शेजारणीचा नवा पडदा छान आहे म्हणायची वेळ आली तरी तिचा चेहरा आधी खरं सांगून मोकळा व्हायचा.

दलालाने मात्र सगळं नीट समजावलं होतं. दोन खोल्यांचं घर, चौथा मजला, भाडेकरू आधीच ठरलेला. एका औषध कंपनीतला माणूस होता, ताबा मिळाला की सामान आणणार होता. भाड्यातून हप्ता परस्पर सुटेल आणि काही वर्षांनी घर जवळजवळ फुकटात पदरात पडेल. फक्त बँकेत खरं बोलायचं नाही. भाड्याने द्यायला घेतोय म्हटलं की व्याज चढतं, पदरचे पैसेही जास्त घालावे लागतात. स्वतः राहणार म्हटलं की काम झटपट होतं. सगळे असंच करतात, नंतर कोणी बघायला येत नाही, असं दलालाचं म्हणणं. सुतार अशा व्यवहारात पहिल्यांदाच पडत होता, त्याला ते पटलं. बसमध्ये त्याने बायकोला तीनदा बजावलं होतं. 'आम्हीच राहणार' एवढंच म्हणायचं, पुढे चकार शब्द काढायचा नाही.

"आम्हीच राहणार," बायको म्हणाली.

सुताराचा जीव भांड्यात पडला. पण बाईंपुढे अजून एक रकाना रिकामा होता. सध्या कुठे राहता आणि ती जागा का सोडता, असं त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

मग बायको बोलायला लागली. दीर-जावेबरोबर राहतो, माणसं चांगली आहेत, तक्रार काही नाही, असं तिने आधी सांगून टाकलं. मग नव्या घरावर आली. तिथला ओटा तीस इंच उंचीचा आहे, यांच्याच टेपने मी मोजलाय, म्हणाली. खिडकीतला उजेड थेट शेगडीवर पडतो, दिवसा दिवा लावायला नको. मुलीचं टेबल बाहेरच्या खोलीत दाराआड बसतं, वर चार बोटं जागा उरते. कपड्यांची दोरी आडवीच बांधायला हवी, उभी बांधली तर गॅलरीचं दार उघडणार नाही.

सुतार मनातून खूश झाला. ही तर पक्की सराईत निघाली, आपण उगाच घाबरत होतो, असं त्याला वाटलं. घर बघायला गेले तेव्हा ती टेप घेऊन भिंती मोजत फिरली होती. भाडेकरूला सांगायला मापं घेतेय, अशी त्याची समजूत. आमची बायको व्यवहाराला हुशार आहे, असं त्याने जिना उतरताना दलालाला ऐकवलंही होतं.

ओट्याचं एवढं काय, असं बाईंनी हसून विचारलं.

"आमच्याकडचा ओटा जाऊबाईंच्या उंचीचा आहे," बायको म्हणाली. "मी फळीवर उभी राहून स्वयंपाक करते. अकरा वर्षं झाली. मागे पाऊल टाकताना अजून खाली बघावं लागतं."

ती फळी सुताराने रोज पाहिली होती. काम आटोपलं की ती ओट्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. त्याच्याच वर्कशॉपमधून आलेली होती, एका कडेला त्याच्या पेन्सिलीची खूण होती. ओटाही त्यानेच बसवला होता, स्वतःचं लग्न व्हायच्या आधी, वहिनीला भिंतीपाशी उभं करून आणि तिचं माप घेऊन. लोकांची स्वयंपाकघरं करून देणं हाच त्याचा धंदा. कुठल्याही गिऱ्हाइकाकडे गेला की इथे उभं कोण राहणार, हे तो आधी विचारून घ्यायचा. त्याशिवाय त्याची करवत हलत नसे.

त्याला लाज वाटली. बायको थाप मारत नव्हती, हेही आता त्याला कळलं.

बाईंनी छापील हमीपत्र पुढे सरकवलं. सहा महिन्यांच्या आत स्वतः राहायला जाऊ, बँकेला न विचारता घर भाड्याने देणार नाही, असं त्यात होतं. लोक न वाचताच सह्या करतात म्हणून त्या तोंडीही सांगत असत. हे खोटं निघालं तर बँक सगळं कर्ज एका दमात परत मागू शकते, आणि मग ते फसवणुकीचं प्रकरण होतं. सुताराने मान हलवली. भाडं नसेल तर हप्ता त्याच्या एकट्याच्या कमाईतून जाणार होता, म्हणजे रोज अंधार पडेपर्यंत राबणं आलं. दलालाला तोंड द्यावं लागणार होतं. आणि वेगळे राहतोय हे भावाला कुठल्या तोंडाने सांगायचं, ते तर त्याला सुचतच नव्हतं.

बायकोने वाकून, सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं.

"मग दोघांचंही हेच ना?" बाईंनी विचारलं. "स्वतः राहण्यासाठी?"

"मी खरं सांगितलं," बायको म्हणाली. "यांचं यांना विचारा."