मोराची चादर

चादरींच्या कारखान्यातला कॉम्प्युटर बंद पडला तो मल्लेशची वीस वर्षांची डिझाइनं घेऊनच. दुरुस्तीवाल्यानं बॅकअपचं विचारल्यावर तो म्हणाला, “हाय की, त्यातच दुसऱ्या फोल्डरमध्ये.” दुरुस्तीवाल्याला हसूसुद्धा आलं नाही. मग चार दिवस मल्लेश सोलापूरभर जुन्या चादरी गोळा करत हिंडला. धागे मोजून डिझाइन पुन्हा उतरवता येतं. वडिलांनी काढलेल्या मोराची चादर मात्र कुठंच नव्हती. ती उरली होती फक्त घरात, तापानं पडलेल्या आईच्या अंगावर. शिणलेला मल्लेश उशाशी बसला. मागायला जीभ रेटेना. तिनंच चादर काढून त्याच्या मांडीवर टाकली. “अव्वा, आठ दिवसांत परत आणतो.” “मला नगं. नवी निघाली की एक पेटीत ठेव, एक अक्कलकोटला तुझ्या बहिणीकडं दे,” ती कूस बदलत म्हणाली. “मी एकटी म्हातारी आता तुला किती दिवस पुरणार हाय?”