चार शून्यं

राउटरवरची धूळ पुसताना थोरलीला तो कागद दिसला. मागच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलेला, बाबांच्या ठळक अक्षरातला. हल्ली ते विसरत होते. कुठल्या कामाला कुणाला विचारायचं ते लिहून ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांनी सवयीप्रमाणे तक्ता आखला होता. डावीकडे काम, उजवीकडे नाव.

औषधं – धाकटी. डॉक्टर – धाकटी. गॅस – धाकटी. चष्मा – धाकटी. अशा सोळा ओळी, सोळाही धाकटीच्या. सगळ्यात खाली सतरावी.

०.०.०.० – थोरली.

तिने ती दोनदा वाचली. एका शून्याने भागलं नव्हतं, चार दिली होती.

तसं हे आजचं नव्हतं. बाबांनी उभा जन्म नेटवर्कच्या कामात काढला आणि धाकटी त्यांच्या पावलावर पाऊल टाकून त्याच कामात शिरली. जेवताना दोघांच्या गप्पा आकड्यांत चालत. थोरली शिवणकाम करायची. आकडे तिच्याकडेही होते, पण छाती-कंबरेचे. प्रिंटरला, धाकटीच्या लॅपटॉपला बाबांनी घरच्या नेटवर्कवर कायमचे आकडी पत्ते नेमून दिले, तेव्हा तिने सहज विचारलं होतं, "आणि माझ्या फोनला?"

"तुझा येतो-जातो. राउटर त्याला रिकामा असेल तो पत्ता देतो."

येतो-जातो म्हणे. रोज सकाळी येऊन बाबांची दाढी कोण करत होतं? मागच्या आठवड्यात ते भलत्याच स्टॉपवर उतरले, तेव्हा "अगं, मी कुठे आहे?" म्हणून फोन कुणाला आला? राबायला थोरली, मिरवायला धाकटी.

धाकटी दारातून आत येते न येते तोच थोरलीने कागद पुढे केला.

"घे, तुझं राज्य. आणि ही मी. चार शून्यं, एखादं पुसलं गेलं तरी चिंता नको."

धाकटी हसली नाही. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली.

"ताई, प्रत्येक राउटरच्या पोटात असा तक्ता असतो. कुठे जायचं असेल तर कुठल्या वाटेने पाठवायचं, त्याचा. पण जगातले सगळे पत्ते कोण लिहीत बसणार? म्हणून एक ओळ जास्तीची घालतात. ज्याची वाट ठाऊक नाही, ते सगळं हिच्याकडे. ती ओळ अशीच लिहितात. चार शून्यं."

थोरली हातातल्या फडक्याची उगाच घडी घालत राहिली.

"आणि जळतेस तू," धाकटी कोरड्या आवाजात म्हणाली. "मागच्या कागदावर माझ्या चोवीस ओळी होत्या. जे काम त्यांच्या ध्यानातून जातं, त्याची ओळ ते गाळतात. तुझी तेवढी गाळता येत नाही."

आतून सपातांचा आवाज आला. बाबा चष्म्याची रिकामी डबी घेऊन दारात थांबले. धाकटीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग थोरलीकडे वळले आणि हळूच म्हणाले,

"अगं, ही कोण आलीय?"