बर्फावर न्यायचं हेड

मेरेआनाने गॅरेजमधला फ्रीजर उघडला, भावाने बेटावरून पाठवलेल्या टीटी पक्ष्यांच्या मांसाच्या पिशव्या बाजूला सारल्या आणि तळातून ट्रायपॉडची दोन हेडं काढून बाकावर ठेवली. कॅमेरा ज्याच्यावर बसवायचा, फिरवायचा, ती ही हेडं. एक नवंकोरं, एक जुनं. दोन्ही हिवाने पांढरी झाली होती.

"हातमोजे घाल," ती नवऱ्याला म्हणाली. "तिकडे घालायचे तेच, जाड. आणि आता सांग, कुठलं नेऊ?"

मर्डोने चहाचा मग खाली ठेवला. "परवा सांगितलं ना? हे नवीन, गोळ्याचं. एक स्क्रू सैल केला की कॅमेरा हवा तिकडे वळतो. मुद्दाम तुझ्यासाठी आणलंय. ते तीन दांड्यांचं म्हणजे नुसतं लोढणं."

"तू वीस वर्षं वाहतोयस की ते लोढणं."

"माझी गोष्ट वेगळी. मला सवय आहे."

खरं सांगायचं तर मर्डो जळत होता. ब्लफ बंदरातल्या फोटो क्लबात त्याने सव्वीस वर्षं शिकवलं. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर जाणाऱ्या जहाजावर फोटोग्राफरची एकच जागा निघाली, अर्ज दोघांनी केले, आणि जागा मिळाली ती त्याची बॅग उचलता उचलता फोटो शिकलेल्या बायकोला. त्याला दोन ओळींचं पत्र आलं, तिला दोन पानांचं. ज्या वादळातल्या बंदराच्या धक्क्याचा फोटो तिने अर्जासोबत पाठवला होता, त्या वादळात हा गाडीत बसून लेन्स पुसत होता. त्यात बेकरीतली शोना भर गिऱ्हाइकांत ओरडली, "काय मर्डो, बायको चालली बर्फावर! तू आता मांजर सांभाळणार वाटतं?" सगळे हसले, तोही हसला. पण बाहेर येताच हातातला बन त्याने तसाच सीगलना टाकला.

तिचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात मुळीच नव्हतं. जहाज नीट जावं, नीट परत यावं. फक्त फोटो हलावेत, एवढंच. त्याच दुपारी तो शहरात, इन्व्हरकार्गिलला गेला आणि गोळ्याचं हेड घेऊन आला. असल्या हेडातलं ग्रीस बर्फात घट्ट होतं, हे त्याला स्वतःच्या नावाइतकं पाठ होतं.

"फिरव ना," मेरेआना म्हणाली. "उद्या दुपारी जहाज सुटतंय. तिथे छत्तीस दिवस दुरुस्तीचं दुकान नाही."

त्याने मोजे चढवले. स्क्रू एवढासा, तो मोज्याच्या बोटांत सापडेना. सापडला तर फिरेना. मर्डोने ओठ चावून जोर लावला तेव्हा गोळा कर्रकन जरासा हलला आणि वाकड्या मानेने तिथेच अडकून बसला. आता तो पुढेही जाईना, मागेही येईना.

मेरेआनाने जुन्याची दांडी कोपराने ढकलली. ते फिरलं. मोज्यातल्या मुठीने तिने दांडी पिळली, ते जागच्या जागी थांबलं.

"फ्रीजर वेगळा आणि उघडी हवा वेगळी," मर्डो म्हणाला.

"हो, उघड्या हवेत वाराही असतो."

"दुकानदार तर म्हणाला होता की..."

"दुकानदाराला कशाला मधे ओढतोस? क्लबात मी पहिल्या बाकावर बसायचे, मर्डो. 'बर्फात गोळ्याचं नेईल तो गाढव,' हे कोण म्हणायचं? मी वहीत उतरवून घेतलंय."

मर्डोचे कान लाल झाले. "मग परवाच का नाही बोललीस?"

"वाटलं, माणूस विसरतो. वय झालं. म्हणून काल झोपताना तुला मुद्दाम सांगितलं, दोन्ही हेडं फ्रीजरात टाकलीत, सकाळी बघू. म्हटलं, आता तरी आठवेल. रात्रीतून कधीतरी उठशील आणि म्हणशील, अगं, ते नको नेऊस." ती थांबली. "आणि तू आपला घोरत पडलास."

"मी घोरत नव्हतो."

"माहीत आहे," मेरेआना म्हणाली. "जागा होतास."

बाहेर धक्क्यावर कुणीतरी बोटीचं इंजिन सुरू केलं. ते बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. मर्डोने मोजे काढले. त्याचा मत्सर गेला होता अशातला भाग नाही, तो होताच. पण आता त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती की बायकोकडे मान वर करून बघवेना.

त्याने जुनं हेड उचललं. ते आजवर त्याने कुणाला वापरायला दिलं नव्हतं, क्लबाच्या अध्यक्षालासुद्धा. फडक्याने त्यावरचं हिव पुसलं, दांड्यांच्या खाचा कोरड्या केल्या आणि ते तिच्या ट्रायपॉडवर चढवून अंगातली सगळी ताकद लावून पिळलं. मग बारीक किल्ली घेऊन खालचे तीन स्क्रू आवळले.

"माझं ने," तो म्हणाला. "आता वादळात पण हलायचं नाही."

"बरं," मेरेआना म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

तिने मोजा काढून बाकावर ठेवला. त्याच्या हातातली किल्ली घेतली, खाली वाकली आणि ते तीनही स्क्रू एकेक करून पुन्हा आवळून पाहिले. एकतीस वर्षांच्या संसारात मर्डोने घट्ट केलेलं तिने पहिल्यांदाच तपासलं.