पट्टेरी जोडी

शिवाजीनगरच्या दुकानात नरसिंहराव बायकोला शांत स्वभावाचे सोनेरी मासे दाखवत होते. कावेरीने मात्र काळ्या पट्ट्यांच्या एका जोडीवर बोट ठेवलं. त्या दोघांनी बाकीच्या सगळ्या माशांना टाकीच्या कोपऱ्यात कोंडून ठेवलं होतं.

"अक्का, हे स्वल्प भांडखोर आहेत," दुकानदार कानडी मिसळत म्हणाला. "तुमच्या टाकीत ही एकच जोडी राहील. सोबत दुसरं काही टाकू नका."

"सरी, चालेल. हेच द्या."

दोन महिन्यांत त्या जोडीला पिल्लं झाली. जिऱ्याएवढी पिल्लं, आणि भोवती आई-बापांच्या सतत फेऱ्या. नरसिंहरावांच्या थोरल्या भावानेही, अण्णांनी, नव्याने वसलेल्या जयनगरातल्या घरी टाकी आणली होती. त्यांना थोडी पिल्लं द्यावीत म्हणून रविवारी सकाळी नरसिंहरावांनी वाटी घेऊन पाण्यात हात घातला. मादी तीरासारखी धावून आली आणि बोटाला कडकडून चावली. त्यांनी ओरडून हात बाहेर काढला.

"बोटभर जीव, आणि हिंमत बघ!" ते हसत म्हणाले.

कावेरीने पदराने त्यांचं बोट पुसलं.

"आपली लेक क्षमा अकरा दिवसांची होती," ती म्हणाली.

नरसिंहरावांचं हसू थिजलं. चार वर्षांत तिने हा विषय एकदाही काढला नव्हता.

"अण्णांना मूल नाही, म्हणून तुम्ही तिला माझ्या कुशीतून उचललंत. तेव्हा मला चावायचं सुचलंच नाही."